अकरावं काज

काज म्हणजे बटण जाण्यापुरतं भोक, असं ज्याला वाटतं त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला खुशाल मशीनच्या काजांचे सदरे घालू द्यावेत. हातानं केलेल्या काजाची गोष्टच वेगळी. आधी कापडाला बरोबर बटणाएवढी चीर द्यायची, चिरेच्या कडेनं एक जाड दोरा धरायचा आणि त्याला पोटात घेऊन रेशमाचे टाके एकाला एक खेटून घालत जायचे. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर एक बारीक गाठ. एका काजाला असे साठ-सत्तर टाके. त्यातला एखादा ढिला पडला तर कोट घालणाऱ्याला पत्ताही लागत नाही, पण करणाऱ्याच्या मनात तो टोचत राहतो.

आपली काजवाली हे काम अठरा वर्षं करत होती. तिला चांगलं खरं नाव होतं, पण ते कागदोपत्रीच राहिलं होतं. ज्या दुकानाचे कोट ती करायची तिथले मास्टर तिला काजवाली म्हणायचे, शेजारीपाजारी म्हणायचे, आणि नवरा तर भांडतानासुद्धा तेच म्हणायचा. काम तिला शिकवलं सासूबाईंनी. लग्न होऊन आली तेव्हा सुईत दोरा ओवताना तिची जीभ बाहेर यायची. सासूबाई जिभेनं तिखट आणि हातानं मऊ. त्यांनी चार वर्षं सुनेचे टाके उसवले, टोमणे मारले, पुन्हा घालायला लावले, आणि शेवटी असा हात तयार केला की दोघींची काजं शेजारी ठेवली तर कुठलं कुणाचं हे मास्टरांनाही सांगता येत नसे. पाच वर्षांपूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर सासूबाईंनी सुई खाली ठेवली. "आता तुझं तू निस्तर," म्हणाल्या, आणि दिवसभर खुर्चीत बसून सुनेच्या कामात खोट काढण्याचं हलकं काम त्यांनी पत्करलं.

दुपारची जेवणं आटपली की काजवाली खिडकीशी बसायची ती उजेड सरेपर्यंत. झालेले कोट चादरीत बांधून ठेवायची आणि सकाळी त्यांच्यावर शेवटची नजर टाकून दुकानात पोचवायची. अठरा वर्षांत एक कोट परत आला नव्हता.

मग एका संध्याकाळी तिला एका सुईच्या दोन सुया दिसल्या.

तिनं डोळे चोळले, पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुई एकच होती, म्हणून ती गोष्ट विसरली. चार दिवसांनी पुन्हा दोन सुया. मग डावी पापणी संध्याकाळी खाली यायला लागली, दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकावं तशी. मग जेवताना जबडा दमायला लागला. पाच-सहा घास चावले की सातव्याला हनुवटीखाली हात लावून जबडा वर ढकलावा लागे. नवरा म्हणायचा, "काय गं, एवढा कसला विचार चाललाय?" पाणी प्यायला जावं तर नाकातून बाहेर. मास्टरांशी फोनवर बोलावं तर ते विचारत, "सर्दी झालीय का?" आणि सगळ्यात कहर म्हणजे हसू. मनात हसू यायचं, ओठ मात्र वर जायचेच नाहीत. नुसते आडवे ताणले जाऊन दात दिसायचे. सासूबाईंनी एक फर्मास विनोद केला, त्यावर सुनेनं असे दात दाखवले, आणि पुढचे दोन दिवस सासूबाई लेकाला सांगत होत्या, "तुझी बायको माझ्यावर दात विचकते."

सकाळी उठावं तर सगळं जागच्या जागी. पापणी वर, सुई एक, आवाज खणखणीत. अशा दुखण्याचं करायचं काय? ताप असला तर थर्मामीटर लावता येतो. हे दुखणं उधार मागणाऱ्यासारखं, साक्षीदार आला की पसार.

पण तिला खरा घोर होता तो काजांचा.

संध्याकाळी तिला स्पष्ट दिसायचं की आजची शेवटची काजं बिघडली आहेत. दहापर्यंत ठीक, अकराव्यापासून बोटांतली पकड जायची, टाके ढिले पडायचे, गाठी एका रांगेत बसायच्या नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. सकाळी उसवून पुन्हा करू, असं ठरवून ती कोट बांधून ठेवायची. आणि सकाळी चादर सोडून बघावं तर अकरावं काज पहिल्याइतकंच देखणं. बारावंही. ती काजावरून नख फिरवायची. एक टाका पुढेमागे नाही.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. दुसऱ्यांदा आश्चर्य वाटलं. विसाव्यांदा ती घाबरली. हात चुकला तर माणूस हात सुधारतो. मनच नसलेल्या चुका दाखवायला लागलं तर कुणाच्या दारात जायचं? पापणी पडते, जबडा दमतो, हेही मग तसंच असेल. आपण सोंग करतोय, आणि ते सोंग आहे हे आपल्याला ठाऊकही नाही, असा विचार तिच्या मनात घर करून बसला.

सुयांच्या उशीचंही तेच. गेल्या वर्षी सासूबाईंनी कोटाच्या निळ्या तुकड्याची एक उशी शिवून दिली होती, सुया खोचायला. तेव्हा ती बिस्किटासारखी चपटी होती. आता चांगली गरगरीत दिसत होती. तिनं एकदा विचारलं, "आई, ही उशी फुगलीय का हो?" सासूबाई वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "उशी कशी फुगेल? डोळे तपासून घे आधी."

डोळे तपासून झाले होते. नवा चष्मा आला होता, तो लावून दोनही सुया जास्त स्वच्छ दिसत होत्या. त्याआधी घराजवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसरे डॉक्टर मोठे होते. त्यांनी हात वर करायला लावले, तिनं केले. त्यांचं बोट जोरात दाबायला सांगितलं, तिनं असं दाबलं की ते हसले. "ठणठणीत आहात. मनावर ताण दिसतोय," म्हणाले, आणि मनाच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी दिली.

आता यात डॉक्टरांची चूक म्हणावी तर त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं. घोटाळा घरात होता. डॉक्टरांकडे जायचं ठरलं की नवरा आदल्या दुपारपासून तिला कामाला हात लावू देत नसे. "पडून राहा. डॉक्टरांसमोर धड बोलता तरी आलं पाहिजे." सकाळची पहिली वेळ तो मुद्दाम मागून घ्यायचा, रिक्षानं न्यायचा, जिना चढू द्यायचा नाही. आणि डॉक्टरांसमोर ती जायची ती ताजी टवटवीत, चांगले कपडे घालून, दोन्ही डोळे टक्क उघडे. हा माणूस धंद्यानं लिफ्ट दुरुस्त करणारा. रोज घरी येऊन वैतागायचा, "लोक बोंबलतात लिफ्ट बंद म्हणून, आणि मी गेलो की नीट चालते! मेकॅनिकसमोर कुठलीच लिफ्ट बिघडत नाही." वीस वर्षं हे तत्त्व तो जगाला ऐकवत होता, पण घरातल्या घरात ते लावून बघायचं त्याला सुचलं नाही. मायेनं माणूस आंधळा होतो म्हणतात ते असं.

चौथ्या डॉक्टर मोठ्या दवाखान्यातल्या होत्या, मेंदूच्या आणि नसांच्या. काजवालीनं मनाशी ठरवून टाकलं होतं, ह्यांनीही काही नाही म्हटलं तर सुई कायमची ठेवून द्यायची. ज्या बाईला आपलं काज चांगलं की वाईट हे कळत नाही, तिनं दुसऱ्याच्या कोटाला हात लावू नये. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी उशीत सुया खोचताना मात्र तिनं त्या एकदा मोजल्या.

त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्यासारख्या झाल्या नाहीत. एक म्हणजे कुठल्याशा इमारतीतली लिफ्ट आत माणसं घेऊन दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, आणि नवऱ्याला धावावं लागलं. "आई, तू जा हिच्याबरोबर," म्हणाला. दुसरी म्हणजे बँडवाल्यांचे कोट संध्याकाळपर्यंत हवे होते. मास्टर कधी घाई करत नसत, पण यावेळी त्यांचा आवाज रडकुंडीला आला होता. काजवालीनं दोन कोट पिशवीत घातले. सुया, रेशीम, लहान कात्री, निळी उशीही. दहाची वेळ होती. दोनचार काजं होतील बसल्या बसल्या, एवढाच हिशोब.

डॉक्टरांना सकाळीच अतिदक्षता विभागात बोलावणं आलं. अकरा वाजले, बारा वाजले. बाकांवर माणसं पेंगत होती, एक आजोबा तोच पेपर तिसऱ्यांदा वाचत होते. काजवाली भिंतीशी, खिडकीखाली बसून काजं करत होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "मशीनवर नाही होत का हो?" सासूबाईंनी त्या बाईकडे असं पाहिलं की तिनं जागा बदलली. पाचवं काज, आठवं, दहावं. एक वाजून गेला. अकराव्याला काजवालीला दोन सुया दिसायला लागल्या आणि डावी पापणी हळूहळू खाली आली. मान धरवेना. तिनं अकरावं कसंबसं पुरं केलं, बारावं अर्धं केलं, कोट बाकावर ठेवला आणि पाणी प्यायला गेली. पाणी नाकातून आलं. नळापाशी उभं राहून तिनं तोंड पुसलं आणि परत फिरली.

सासूबाई कोटावर वाकल्या होत्या. अकराव्या काजाचे टाके त्या लहान कात्रीनं एकेक करून कापत होत्या, सराईतपणे. शेजारी उशीत रेशीम ओवून तयार ठेवलेली सुई.

"आई, काय करताय?"

सासूबाई दचकल्या. कात्री मुठीत लपवली. "कुठं काय."

"टाके कापताय तुम्ही."

"ढिले होते."

काजवाली बाकाला धरून उभी राहिली. "म्हणजे खरंच ढिले होते?"

"ढिले म्हणजे काय, बटण वाटेतच घरंगळलं असतं! डोळे फुटलेत का तुझे?" सासूबाई सवयीनं बोलून गेल्या, आणि मग सुनेच्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली.

"आणि घरी? सकाळी?"

"मला पाचला जाग येते. तुम्ही दोघं घोरत असता. नुसतं बसून करायचं काय माणसानं?"

"रोज?"

"रोज कशाला, सुट्टी असते की रविवारी."

एवढं वाईट काज आपल्या हातून झालं, याचा इतका आनंद आजवर कुठल्या कारागिराला झाला नसेल. काजवाली मटकन खाली बसली आणि सासूबाईंचा कात्रीचा हात तिनं घट्ट धरला. तिला रडायचं होतं आणि हसायचंही होतं. ओठ ताणले गेले, दात दिसले. "बघ, पुन्हा विचकलेस," सासूबाई म्हणाल्या. "अगं, मास्टरनं काम काढून घेतलं असतं तुझं. जीव आहे तुझा त्यात. मला वाटलं, थकवा आहे, जाईल महिन्या-दोन महिन्यांत. तोवर कुणाला कळायला कशाला हवं?"

"मला कळायला हवं होतं, आई. मला वाटलं मी वेडी झाले."

सासूबाईंनी कात्री सुनेच्या हातात परत दिली. असं आयुष्यात फार वेळा झालेलं नव्हतं. तेवढ्यात दारातून नंबर पुकारला गेला.

डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या होत्या, केस आखूड, चेहरा सकाळपासून उभं राहून ओढलेला. काजवाली आत येऊन बसेपर्यंत त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"हा डोळा असा कधीपासून?"

"आत्ता तासाभरापूर्वीपासून. सकाळी नव्हता."

"त्याआधी तुम्ही काय करत होतात?"

"काजं." बोलताना शब्द नाकात जात होते. "बाहेर. दहा वाजल्यापासून."

सासूबाईंनी न विचारता कोट टेबलावर पसरला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सारला आणि पहिल्या काजापासून बोट फिरवत निघाल्या. एक, दोन, पाच, नऊ. दहाव्यानंतर बोट थांबलं. अकरावं अर्धं कापलेलं, बारावं वाकडंतिकडं.

"हे उसवलं कुणी?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "गुन्हा असेल तर लिहा तसं."

"दुखणं कधी सुरू झालं?"

"आठ महिने झाले," काजवाली म्हणाली.

"चौदा," सासूबाई म्हणाल्या. सुनेनं मान वळवून पाहिलं. सासूबाई टेबलाकडे बघून बोलत राहिल्या. "तिला आठ महिन्यांपूर्वी कळलं. टाक्यांत आधी दिसलं. पहिल्यांदा दिवसाचं विसावं काज ढिलं पडायचं. मग सोळावं. पाच महिने झाले, अकरावं. जेवून तासभर पडली असेल त्या दिवशी चौदापर्यंत जाते. उन्हाळ्यात नवाच्या पुढे गेली नाही. रविवारी हात विसावतो, तर सोमवारी दोन काजं जास्त."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी," त्या म्हणाल्या, "अशी माहिती मला आजपर्यंत कुणी दिलेली नाही. शिकलेल्यांनीसुद्धा."

"शिकलेल्यांना काज कुठं येतं," सासूबाई म्हणाल्या.

मग डॉक्टरीणबाईंनी काजवालीला छताकडे बघायला सांगितलं. पापणी न लववता, जमेल तेवढा वेळ. काजवाली बघत राहिली. वीस मोजेपर्यंत उजवी पापणीही थरथरली आणि उतरायला लागली. डावी तर पूर्ण मिटली. तिच्या इच्छेला त्या पापण्या जुमानत नव्हत्या. ती आतून सगळा जोर लावत होती, आणि तो जोर वाटेत कुठंतरी हरवत होता.

नर्सला सांगून त्यांनी फ्रिजमधला बर्फ मागवला. नर्सनं तो रबरी हातमोज्यात भरून आणला. पाच बोटांचा तो गार गोळा डॉक्टरीणबाईंनी मिटलेल्या डाव्या डोळ्यावर ठेवला. "दोन मिनिटं. घड्याळ बघा, आजी."

दोन मिनिटं फार मोठी असतात. बर्फाचं पाणी गालावरून गळत होतं. काजवालीला काहीच आशा नव्हती. ती मनात त्या सकाळच्या सुया मोजत होती.

"झाली," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी बर्फ उचलला. "उघडा."

आणि पापणी वर गेली.

अर्धीमुर्धी नव्हे, चांगली वर गेली, सकाळसारखी. कुणी औषध दिलं नव्हतं, कुणी सुई टोचली नव्हती. गोठलेल्या पाण्याचा एक तुकडा, आणि महिनोन्महिने रुसून बसलेली पापणी उठून उभी! भिंतीवरच्या आरशात काजवालीला स्वतःचा डोळा दिसला, काळाभोर, ओला, पूर्ण उघडा. तिच्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी तर हात जोडले, आणि कुणाला जोडले हे न कळून पुन्हा खाली घेतले. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. नर्सही दारात थांबून बघत होती. डॉक्टरीणबाईंनी हे किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे, पण त्याही काही क्षण लिहायचं विसरल्या.

"हे सोंग नाही," त्या म्हणाल्या. "मनाचंही नाही. मन असं बर्फानं वर-खाली होत नाही."

ते वाक्य काजवालीनं पुढे कितीतरी दिवस मनात घोळवलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदू हुकूम सोडतो, नस तो स्नायूच्या दारापर्यंत आणते. दारावर तो हुकूम झेलायला कड्या असतात, असं समजा. रोगजंतूंशी लढायला शरीरानं जे रखवालदार ठेवलेत, त्यांनी या कड्यांनाच चोर ठरवलंय आणि ते त्या तोडत सुटलेत. थोड्या उरल्यात. पहिले काही हुकूम त्यांच्यावर भागतात. तोच हुकूम पुन्हा पुन्हा सोडला की नसेकडचा साठा कमी पडतो आणि पुढचे हुकूम दारातच विरून जातात. विसावा घेतला की साठा पुन्हा भरतो. थंडीत हुकूम दारावर जरा जास्त वेळ टिकतो, म्हणून बर्फ. नस आणि स्नायू यांच्यातली ती फट इतकी बारीक, की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत तशा हजारो मावतील.

"आणि नाव काय ह्याचं?" सासूबाईंनी विचारलं.

"मायस्थेनिया ग्रेव्हिस."

"पापणी केवढी, आणि नाव केवढं!"

रक्त घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी नसांना बारीक विजेचे झटके देऊन तपासणी व्हायची होती, मग छातीचा स्कॅन, कारण छातीच्या हाडामागची एक ग्रंथी या रखवालदारांना भलतं शिकवते म्हणे. श्वासाला त्रास वाटला तर मिनिटभर न थांबता इकडे यायचं, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं, आणि दुसऱ्यांदा सासूबाईंकडे बघून. पूर्ण जाणारं दुखणं नव्हे हे, पण बहुतेकांना ह्याच्यासोबत चांगलं जगता येतं. गोळी आजपासूनच.

निघताना त्या म्हणाल्या, "एकच करा. पुढच्या वेळी विश्रांती घेऊन येऊ नका. आणि आजी, तुम्ही उसवू नका."

संध्याकाळी नवरा आला. सगळं ऐकून त्यानं जोरात कपाळावर हात मारून घेतला. "मेकॅनिकसमोर लिफ्ट बिघडत नाही," तो पुटपुटला. "मीच सांगतो रोज. मीच!" त्याला त्याहून जास्त शिक्षा करायची गरज दोघींनाही वाटली नाही. गोळी घेऊन अर्धा तास झाला होता. काजवालीनं भांडं उचललं आणि पाणी प्यायली. एक घोट, दुसरा, तिसरा. सगळे जिथं जायला हवेत तिथं गेले. ती भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. जन्मापासून ती पाणी पीत आली होती, आणि एका घोटाला किती दारं उघडावी लागतात, किती हुकूम वेळेवर पोचावे लागतात, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. नुसतं बघणं, गिळणं, मान धरणं. दिवसाला हजारो वेळा पापणी लववणं. एवढी मोठी कारागिरी आपल्या आत विनातक्रार चालली होती, आणि आपण अठरा वर्षं एका काजाचा तोरा मिरवला! तिनं नवऱ्याला दुसरं भांडं भरून द्यायला सांगितलं. तहान नव्हती. पुन्हा एकदा बघायचं होतं.

पुढचे तीन आठवडे सरळ गेले असं नाही. गोळीची वेळ चुकली की पापणी लगेच आठवण द्यायची; एका संध्याकाळी तर मान उशीवरून उचलता येईना आणि नवऱ्याची पळापळ झाली. पण रक्ताचा अहवाल आला, त्यात ते रखवालदार नावानिशी सापडले, आणि आपलं दुखणं कागदावर छापलेलं बघून काजवालीला विचित्र समाधान झालं. मास्टरांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. ते कोटाच्या बाहीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी दोन बायकांची काजं एकीच्या नावावर घेत होतो. आता सरळ दोघींच्या नावावर देतो." झालं ते एवढंच.

एका दुपारी खिडकीशी बसून काम करताना तिच्या हातून सुई उशीत नेढ्यापर्यंत बुडाली. बाहेर येईना. तिनं उशीची शिवण उसवायला कात्री उचलली.

"थांब, मी काढते," सासूबाई खुर्चीतून गडबडीनं उठल्या. सासूबाई गडबडीनं उठताहेत म्हटल्यावर सून काय थांबते! तिनं शिवण कापली.

आतून रेशीम बाहेर आलं. नखाएवढे बारीक कापलेले टाके, गाठीसकट, दाबून दाबून भरलेले. वर बँडवाल्यांच्या कोटांचा लाल. त्याखाली काळा, मग तपकिरी, मग पुन्हा काळा, जाड थर. ती बोटानं एकेक थर बाजूला करत गेली. हा शाळेच्या मुख्याध्यापकांचा. हा त्या ठेंगण्या वकिलांचा, ज्यांनी बाह्या तीनदा कमी करून घेतल्या. प्रत्येक कोट तिला आठवत होता. जसजशी खाली जाई तसतसे थर पातळ होत गेले. अगदी तळाशी चिमूटभर करडं रेशीम होतं, सातआठ टाके असतील नसतील.

करडा कोट दिराच्या लग्नाचा. त्या दिवशी ती पहाटेपासून उभी होती, मांडवभर धावली होती, केवढ्या आनंदात होती. दुखण्याचं तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि त्याच आठवड्यात कुणीतरी पहाटे पाचला दिव्याखाली बसून ते सातआठ टाके पाहिले होते आणि ओळखलं होतं, की हा हात असा चुकणारा नव्हे.

"टाकवेना," सासूबाई खुर्चीपाशीच उभ्या राहून म्हणाल्या. "रेशीम आहे शेवटी. आणि तुझे टाके."

काजवालीनं ते करडे टाके तळहातावर घेतले. आपलं सगळं दुखणं, चौदा महिन्यांचं, रंगांसकट, थरांसकट, आपण रोज समोर ठेवत होतो. त्यातच सुया खोचत होतो. तिनं वर पाहिलं. सासूबाई चोरी पकडली गेलेल्या पोरीसारख्या उभ्या होत्या, आणि तरीही शिवण कशी वाकडी कापली आहे याकडे त्यांची नजर होती.

"आई," ती म्हणाली, "उशी फुगली होती ना?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "फुगली होती," त्या म्हणाल्या. "डोळे चांगले आहेत तुझे."

काजवालीला हसू आलं. ओठांचे कोपरे आपसूक वर गेले, गाल वर गेले, डोळे बारीक झाले, आणि महिनोन्महिने दारात विरत असलेला तो हुकूम कुठंही न अडता चेहऱ्यावर पोचला. सासूबाई बघतच राहिल्या. त्यांनी पुढे येऊन सुनेची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, एखादं काज तपासावं तसं, आणि बराच वेळ खोट शोधली.

"ठीक आहे," शेवटी म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं रेशीम थरांच्या क्रमानं परत उशीत भरलं आणि शिवण घातली. दहावं काज झालं तेव्हा काजवालीनं कोट त्यांच्या मांडीवर सरकवला आणि गोळीची वेळ झाली का ते बघायला उठली. सासूबाईंनी सुईत दोरा ओवला. जीभ जराशी बाहेर आली होती त्यांची.